सर्व्हर ॲडमिनचा विषय घरच्या लॅपटॉपवर: पहिल्या इन्स्टॉलपासून वायव्हापर्यंत

विषयाचं नाव टाइमटेबलच्या चौकटीत मावत नाही एवढं लांब, नेटवर्क सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिम्सचं ॲडमिनिस्ट्रेशन, आणि लॅब मात्र आठवड्यातून एकदा दोन तास. त्यातला अर्धा तास पीसी चालू होण्यात जातो, पाव तास हजेरीत, आणि लाईट गेली की उरलेला कँटीनमध्ये. मी डिप्लोमा बीडला केला, डिग्री संभाजीनगरला, आता वाळूज एमआयडीसीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, आणि गावाकडच्या पोरांचे दर सेमला तेच मेसेज येतात, दादा सबमिशन तोंडावर आलंय, प्रॅक्टिकल काहीच झालं नाही, काय करू. प्रत्येकाला वेगळं सांगून सांगून थकलो, म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवतो.

आधीच सांगतो, कमांडा मी इथं लॅबमध्ये तोंडाने म्हणतो तशाच लिहितोय, टाईप करताना त्या इंग्रजीतच करायच्या, नाहीतर म्हणाल दादाने सांगितलेली कमांड चालंना.

आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काहीही बिघडलं की आधी तीन गोष्टी बघायच्या: आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), घड्याळ. या तिन्ही नीट आहेत याची खात्री झाल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं मी दोन वर्षं नुसतं फॉरमॅट मारत बसलो.

सामान काय लागतं

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर नशीबवान आहात, ८ जीबी असली तरी भागतं, फक्त एका वेळी दोनच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे खोटे पीसी, चालू ठेवायच्या. एसएसडी मात्र पाहिजेच. जुन्या हार्डडिस्कवर विंडोज सर्व्हर टाकलात तर इन्स्टॉल होईपर्यंत चहा पिऊन, शेतात चक्कर मारून परत याल. सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसरचं पुराण ऐकत बसू नका, रॅम वाढवता येते का आणि एसएसडी आहे का एवढं विचारा.

या मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. टाकल्यावर मशीन चालूच होत नसेल तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा, इंटेलवर व्हीटी-एक्स नावाचं असतं आणि एएमडीवर एसव्हीएम. विंडोज सर्व्हर २०२२ ची इव्हॅल्युएशन कॉपी मायक्रोसॉफ्ट स्वतःच देतं, १८० दिवस चालते, म्हणजे अख्खं सेम निघून वर उरतात, त्यामुळं क्रॅक बिक शोधत फिरायची गरजच नाही आणि त्या क्रॅकसोबत काय काय येतं ते आमच्यासारख्यांना विचारा. लिनक्ससाठी उबुंटू सर्व्हर २४.०४ घ्या, एप्रिल २०२४ ची एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टची, आवृत्ती आहे, पाच वर्षं अपडेट मिळतात. कॉलेजची प्रॅक्टिकलची वही अजून सेंटओएस ७ वर असेल तर वहीत ते ठेवा, पण हे माहीत असू द्या की त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय. ती चव पाहिजेच असेल तर रॉकी किंवा अल्मा टाका, कमांडा बहुतेक त्याच आहेत.

विंडोज सर्व्हरची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाईल, साधारण ५ जीबीची आहे. मोबाईलच्या रोजच्या डेटात बसत नाही, म्हणून पोरं मित्राकडून पेनड्राइव्हवर घेतात आणि तिथंच अडकतात. पेनड्राइव्हमध्ये जागा ३२ जीबी दिसते तरी फाईल कॉपी होईना गेली तर समजा तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, मग होतं. मित्राकडून आणलेल्या आयएसओचा हॅशही (फाईलचा ठसा) तपासून घ्या, पॉवरशेलमध्ये गेट-फाईलहॅश म्हणून कमांड आहे. अर्धवट कॉपी झालेली आयएसओ इन्स्टॉलच्या ऐंशी टक्क्यावर दगा देते, अनुभव आहे.

नेटवर्क आधी, बाकी नंतर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्कचे चार-पाच प्रकार दिसतात, त्यातले तुम्हाला दोन लागणार. नॅट, म्हणजे मशीनला नुसतं इंटरनेट मिळतं, अपडेट करायला बरं. आणि इंटर्नल, म्हणजे तुमच्या मशीन आपसात बोलतात, बाहेरच्या जगाला पत्ता नाही. प्रत्येक मशीनला दोन ॲडाप्टर द्या, एक नॅट, एक इंटर्नल. होस्ट-ओन्लीच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, कारण त्यात व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डीएचसीपी (मशीनला आपोआप आयपी वाटणारा) आधीच चालू असतो, आणि तुम्ही तुमचा डीएचसीपी उभा केला की क्लायंटला आयपी कुणी दिला हेच कळत नाही.

ब्रिज मोड, म्हणजे मशीन थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा प्रकार, कॉलेजमध्ये वापरायचा नाही. का ते सांगतो. थर्ड इयरला मी माझ्या लॅपटॉपवर डीएचसीपी सर्व्हर बनवला, ॲडाप्टर ब्रिजवर होता, आणि लॅनची वायर लॅबच्या स्विचमध्ये. माझा क्लायंट झकास आयपी घेऊन बसला, मी खुश, जर्नलसाठी स्क्रीनशॉट काढू लागलो. वीस मिनिटांनी ऑफिसमधले बाबू वर आले, खाली ॲडमिशनचे फॉर्म भरणं चालू होतं आणि नेट गेलेलं. सरांनी ऑफिसच्या पीसीवर आयपीकॉन्फिग मारलं तर गेटवे दिसला माझ्या लॅपटॉपचा! झालं असं होतं की डीएचसीपीत क्लायंट आधी सगळ्या नेटवर्कला हाक मारतो, कुणी आहे का आयपी देणारं, आणि जो आधी ओ देतो त्याचं बहुतेक ऐकतो. कॉलेजच्या राउटरपेक्षा माझा लॅपटॉप चपळ निघाला. त्या दिवशी डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक्नॉलेज हे चार शब्द मला जे पाठ झाले ते आजतागायत. सरांनी रागावणं आवरून पुढच्या तासाला तेच फळ्यावर शिकवलं, हा त्यांचा मोठेपणा.

तर इंटर्नलवर रहा. पत्ते ठरवून घ्या, उदाहरणार्थ विंडोज सर्व्हर १९२.१६८.५०.१०, लिनक्स १९२.१६८.५०.२०, क्लायंटसाठी डीएचसीपीची रेंज १०० ते १५०. हे कागदावर लिहा आणि भिंतीला चिकटवा. क्लायंटला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर त्याला डीएचसीपी सापडलेला नाही आणि त्याने स्वतःच्या मनाने पत्ता घेतलाय, मग सर्व्हरची सर्व्हिस चालू आहे का आणि दोन्ही मशीन त्याच इंटर्नल नेटवर्कच्या नावावर आहेत का ते बघा. नावात एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी वेगळं नेटवर्क होतं.

विंडोज सर्व्हर आणि डोमेन

इन्स्टॉल करताना पहिल्याच यादीत डेस्कटॉप एक्स्पीरियन्स लिहिलेला पर्याय निवडा. घाईत नुसतं नेक्स्ट दाबलं की कोर बसतो, मग काळा स्क्रीन बघून मेसेज येतात, दादा स्टार्ट बटनच नाही. रॅम २ जीबी, जमली तर ३, डिस्क ५० जीबी द्या, डायनॅमिक ठेवली की लॅपटॉपवर लगेच सगळी जागा खात नाही.

मग क्रम असा, आणि क्रम बदलायचा नाही. आधी सर्व्हरचं नाव बदला आणि रीस्टार्ट करा. मग इंटर्नल ॲडाप्टरला पक्का आयपी द्या आणि डीएनएस म्हणून त्याचाच स्वतःचा पत्ता टाका. टाइम झोन आणि घड्याळ बघा. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (सगळे युजर आणि पीसी एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा, त्या सगळ्यांचा गट म्हणजे डोमेन) रोल टाका, आणि रोल टाकल्यावर वर पिवळं त्रिकोणी निशाण येतं तिथून प्रमोट करा, न्यू फॉरेस्ट. नुसता रोल टाकून डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) झाला असं समजणारे दर बॅचला असतात. डोमेनचं नाव लॅब डॉट टेस्ट असं काहीतरी ठेवा, डॉट टेस्ट हे शेवटचं नाव असल्या प्रयोगांसाठीच राखून ठेवलेलं आहे. मध्ये एक डीएसआरएम पासवर्ड मागतो, तो वहीत लिहा, डिरेक्टरी दुरुस्त करायची वेळ आली की तोच लागतो.

आता क्लायंट. विंडोजची होम एडिशन डोमेनला जुळत नाही, प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन पाहिजे. पोरं लॅपटॉपवर आयती आलेली होम घेऊन दोन दिवस खटपट करतात आणि दोष सर्व्हरला देतात. ८ जीबीवाल्यांनी क्लायंट म्हणून विंडोज १० ठेवलं तरी चालतं, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला पण आपल्या बंद इंटर्नल नेटवर्कमध्ये शिकण्यापुरतं ठीक आहे.

जॉईन करताना डोमेन सापडत नाही असा एरर आला की डीएनएस बघायचा. क्लायंटचा डीएनएस हा तुमच्या डोमेन कंट्रोलरचाच पाहिजे. तिथं ८.८.८.८ टाकलेलं असतं, कारण नेट चालावं म्हणून कुणीतरी कधीतरी तसं सांगितलेलं असतं. आता गूगलच्या डीएनएसला तुमच्या खोलीतल्या लॅब डॉट टेस्टचा पत्ता कुठून माहीत असणार? एनएसलुकअप लॅब डॉट टेस्ट मारा, उत्तरात १९२.१६८.५०.१० आलं तरच पुढं जा. नॅटचा दुसरा ॲडाप्टर मध्येच आपला डीएनएस घुसवतो, म्हणून जॉईन करताना तो बंद ठेवलेला बरा.

पुढं ओयू, म्हणजे डोमेनमधले विभाग, बनवा, त्यात युजर आणि ग्रुप बनवा, कॉलेजचंच उदाहरण घ्या, ऑफिस, लायब्ररी, विद्यार्थी. परमिशन कायम ग्रुपला द्यायची, एकट्या युजरला देत बसलात की वर्षभराने कुणाला काय दिलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही. ग्रुपमध्ये नवीन घातलेल्या युजरला लॉगआउट होऊन परत लॉगिन करायला लावा, तोपर्यंत त्याला नवीन हक्क लागू होत नाहीत. शेअर फोल्डरला दोन कुलपं असतात, शेअरचं आणि एनटीएफएसचं, नेटवर्कवरून आलेल्या माणसाला दोन्हीतलं जे जास्त कडक ते लागतं. ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून पीसींना लावायचे नियम, लावली आणि लागलीच दिसली नाही तर घाबरू नका, क्लायंट ती साधारण ९० मिनिटांनी आणि वर थोडी इकडंतिकडं अशी उचलतो, घाई असेल तर जीपीअपडेट फोर्स. कुठली लागली आणि कुठली नाही ते जीपीरिझल्ट सांगतं, पण ती कमांड कुणी वापरतच नाही.

घड्याळाचं प्रकरण

हे जरा सावकाश वाचा, आपल्या भागात याचा संबंध थेट लाईटशी आहे.

एका सोमवारी सकाळी लॅबमध्ये खिडकीकडच्या रांगेतल्या पीसीवर कुणालाच डोमेनचं लॉगिन होईना. शनिवारपासून लाईट नव्हती, पाऊस नाही वारा नाही, डीपी जळाली होती. आम्ही पासवर्ड रीसेट केले, केबल बदलल्या, एक पीसी डोमेनमधून काढून परत जोडायला गेलो तर तोही जुळंना. एररमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की क्लायंट आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे, पण एरर वाचतो कोण. शेवटी लॅबचे मामा झाडू घेऊन आले आणि म्हणाले, "सर, या रांगेच्या पीसीवर कालपरवाची नाही, पार जुनी तारीख दाखवायलीय, दर लाईट गेली की असंच होतंय." कोपऱ्यात बघितलं तर खरंच, कुठल्यातरी मागच्या सालातला १ जानेवारी.

मदरबोर्डवर गोल नाण्यासारखी सीआर-२०३२ बॅटरी असते, पीसीची वायर काढली तरी घड्याळ तिच्यावर चालतं. ती मेली की लाईट जाईल तेव्हा घड्याळ मागं जाऊन बसतं. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या रांगेला काही झालं नव्हतं कारण त्यांची लाईट तुटलीच नव्हती. आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं लॉगिन ज्या कर्बेरोसवर (ओळख पटवून तिकीट देणारी पद्धत) चालतं त्याला मुळात वेळेतला फरक ५ मिनिटांपर्यंतच चालतो, कारण जुनं पकडून ठेवलेलं तिकीट कुणी नंतर परत दाखवू नये म्हणून त्यावर वेळेचा शिक्का असतो. बारा बॅटऱ्या आणल्या, बसवल्या, संपलं. मामांना त्या दिवशी सरांनी स्वतःच्या हाताने चहा दिला.

म्हणून लॅपटॉपवरसुद्धा व्हर्च्युअल मशीन सेव्ह करून चार दिवसांनी उघडली की आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं. डोमेनमध्ये वेळेचा मालक असतो पीडीसी एम्युलेटरचा रोल असलेला डोमेन कंट्रोलर, बाकीचे त्याच्याकडून वेळ घेतात, डब्ल्यू-३२-टीएम स्लॅश क्वेरी स्लॅश स्टेटस मारलं की कोण कुणाकडून वेळ घेतंय ते दिसतं.

लिनक्सवाला भाग

उबुंटू सर्व्हरला १ ते २ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क पुष्कळ झाली. इन्स्टॉलच्या वेळी एलव्हीएमचा (डिस्कची जागा नंतर वाढवता येणारी मांडणी) पर्याय जसाच्या तसा ठेवला तर तो २५ मधली निम्मी जागाच वापरतो, बाकी मोकळी ठेवतो. पोरांना वाटतं डिस्क कुठंतरी गेली, ती गेली नाही, एलव्हीएक्स्टेंड आणि मग रीसाईज-टू-एफएस करून वाढवता येते, आणि हेच प्रॅक्टिकल म्हणून जर्नलमध्ये लावा, फुकटचा एक प्रयोग होतो.

पक्का आयपी द्यायची फाईल ईटीसीच्या आत नेटप्लॅन फोल्डरमध्ये आहे. तिथं टॅब चालत नाही, स्पेसच पाहिजे, आणि स्पेस एका रेषेत पाहिजे, ज्वारीच्या पेरणीसारखी. बदल केल्यावर नेटप्लॅन अप्लाय न मारता नेटप्लॅन ट्राय मारायची सवय लावा, १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर तो आपोआप जुन्यावर जातो.

अशीच सवय फायरवॉलची. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) इनेबल करण्याआधी यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची वाट मोकळी ठेवायची. मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात उलटं केलं, सर्व्हर होता शेंद्र्याच्या प्लांटमध्ये आणि मी वाळूजला, एंटर दाबलं आणि पुढं नवीन कनेक्शनच लागंना, मग भर उन्हात गाडी काढून अख्खं शहर ओलांडून गेलो, दोन शब्द टाईप करायला.

परमिशनचा हिशेब सोपा आहे, वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, मालक, ग्रुप आणि बाकी जग अशी तीन घरं. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. काही चालंना की ७७७ मारून मोकळं होणारे खूप आहेत. वायव्हाला ते बोलू नका, नोकरीत ते करू नका. आधी सर्व्हिस कुठल्या युजरने चालतेय ते बघा आणि फाईलची मालकी त्याला द्या.

सर्व्हिस बिघडली की सिस्टिमसीटीएल स्टेटस, आणि पोट भरलं नाही तर जर्नलसीटीएल हायफन यू आणि सर्व्हिसचं नाव. शेवटच्या वीस ओळी वाचा. मोठ्याने वाचा हवं तर. एरर वाचण्याची लाज वाटते का काय माहीत नाही, पण तो मेसेज फोटो काढून मला पाठवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात वाचून होतो. डिस्क भरली का ते डीएफ हायफन एच ने बघा, सगळं ठीक असून काहीच लिहिता येईना तर बहुतेक लॉगने जागा खाल्लेली असते.

आणि परत घड्याळ! उबुंटू सर्व्हर इन्स्टॉल झाल्यावर बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) असतो. तुम्ही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारा) रात्री २ चा बॅकअप लावला, तर तो आपल्या घड्याळाने सकाळी ७.३० ला चालतो, म्हणजे बऱ्याच गावांत बरोबर लाईट जायच्या वेळेला. टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया कोलकाता मारा आणि नंतर क्रॉन रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेवर बसून राहतो.

बॅकअप, थोडक्यात पण मनापासून

व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट प्रयोगाआधी जरूर घ्या, पण तो बॅकअप नाही, लॅपटॉपची एसएसडी गेली की स्नॅपशॉटही गेला. तसंच रेड-१ (दोन डिस्कवर तेच लिहिणं) सुद्धा बॅकअप नाही, चुकून डिलीट केलेली फाईल तो दोन्ही डिस्कवरून तेवढ्याच इमानदारीने डिलीट करतो. तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, एक घराबाहेर. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाईल परत काढून बघा. काढून न बघितलेल्या बॅकअपवर मी तरी पगार लावणार नाही.

वायव्हा आणि पुढचं

एक्स्टर्नल फिरून फिरून तेच विचारतात. डीएचसीपीचे चार टप्पे. ग्रुप पॉलिसी कुठल्या क्रमाने लागते, लोकल, साईट, डोमेन, ओयू, आणि साधारणपणे शेवटची जिंकते. पाच फिस्मो रोल (डोमेन कंट्रोलरची खास कामं), स्कीमा, डोमेन नेमिंग, रिड, पीडीसी, इन्फ्रास्ट्रक्चर. पोर्ट नंबर, एसएसएच २२, डीएनएस ५३, आरडीपी ३३८९, फाईल शेअरिंग ४४५. पण एखादा खमका एक्स्टर्नल हे सोडून म्हणतो, क्लायंट डोमेनला जुळत नाही, काय करशील. तिथं रीइन्स्टॉल म्हणालात की गेलात. पिंग करीन, एनएसलुकअप करीन, दोन्हीकडची वेळ बघीन, असं क्रमाने सांगितलंत की तो चष्म्यावरून बघतो आणि पुढच्याला बोलावतो.

सर्टिफिकेटचं विचाराल तर, मायक्रोसॉफ्टचं एमसीएसए अजून शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका, ती परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. विंडोजवर राहायचं तर एझेड-८०० आणि ८०१, लिनक्सकडं जायचं तर रेड हॅटची आरएचसीएसए, ती अख्खी परीक्षा मशीनवर करून दाखवायची असते, पर्याय निवडा प्रकार नाही, त्यामुळं पाठांतरवाल्यांची तिथं पंचाईत होते आणि घरी मोडून जोडून शिकलेल्या पोराला ती सोपी जाते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, इन्व्हर्टरच्या रांगेतला पीसी पकडा, आणि बसल्या बसल्या कोपऱ्यातली तारीख बघून घ्या.